रिकाम्या तिमाहीतील पाहुणे

आमचा गेम कन्सोलवर, म्हणजे गेम खेळण्याच्या खास यंत्रावर, यायला अर्ज केल्यापासून बावीस महिने लागले. त्यांपैकी पहिले सतरा महिने माझी अशी समजूत होती की कंपनीने आम्हाला निवडले ते केवळ गेम चांगला आहे म्हणून. ती समजूत खोटी नव्हती, अपुरी होती. कन्सोल बनवणारी कंपनी स्वतःच्या मालकीचे स्टुडिओ पोसते आणि त्याच वेळी आमच्यासारख्या बाहेरच्यांनाही बोलावते. या दोघांचे माप ती कशावर घालते, हे मला उरलेल्या पाच महिन्यांत दिसले. गोपनीयतेच्या करारावर आमच्या सह्या असल्यामुळे कंपनीचे आणि तिच्या गेमचे नाव किंवा करारातील रकमा येथे लिहिता येणार नाहीत. मोठ्या कन्सोल कंपन्या जगात तीनच आहेत, तेव्हा तर्क लढवणे सोपे आहे. पण तो लढवू नये, कारण या धंद्यातील माझ्या ओळखीच्या इतरांशी बोलल्यावर मला असे वाटते की हा अनुभव तिघींपैकी कोणाच्याही दारात येऊ शकला असता.

आम्ही तिघे आहोत. मी प्रोग्रामर, त्याआधी आठ वर्षे पुण्यातच एका परदेशी कंपनीच्या कार्यालयात दुसऱ्यांच्या गेमचे काम केले. दुसरा भागीदार आवाज आणि हिशेब सांभाळतो, आणि तिसरी आमची चित्रकार. आमचा गेम कोड्यांचा आहे: कात्रजच्या तलावातून शहरातील हौदांपर्यंत पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नहरेवरून सुचलेला, ज्यात खेळणाऱ्याने उच्छ्वास (नहरेवरील हवेचे झरोके), उतार आणि हौद यांचा मेळ घालत पाणी पुढे न्यायचे असते. संगणकावर तो प्रसिद्ध झाला होता आणि कोथरूडमधील आमच्या खोलीचे भाडे निघण्याइतका खपलाही होता. 2021 च्या पावसाळ्यात आम्ही कन्सोलच्या कंपनीकडे नोंदणीचा अर्ज केला. अकरा आठवडे काहीच उत्तर आले नाही. मग एके दिवशी बाहेरच्या डेव्हलपरांशी संबंध ठेवणाऱ्या विभागातील एका अधिकारी बाईंचा ईमेल आला, सोबत चाळीसेक पानांचा करार.

करार वाचायला आम्ही आमच्या सीएंकडे गेलो. ते चित्रकाराच्या वडिलांचे मित्र, म्हणून आम्ही तिघेही त्यांना काका म्हणतो. काकांनी पहिल्याच पानावर पेन्सिल टेकवून विचारले, की गेम तुमचा, कष्ट तुमचे, मग प्रत्येक विक्रीतील तीस टक्के यांना कशाबद्दल? मी सांगू लागलो आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर आमच्या जन्माआधीचे आहे. अटारी या सुरुवातीच्या काळातील अमेरिकी कन्सोल कंपनीच्या यंत्रासाठी आधी अटारीच गेम बनवत असे. ‘बाहेरचा’ हा प्रकारच नव्हता. गेम लिहिणाऱ्यांची नावे डब्यावर छापली जात नसत आणि विक्रीत त्यांना वाटा नसे. यालाच कंटाळून चार प्रोग्रामरांनी नोकरी सोडली, 1979 मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली आणि अटारीच्याच यंत्रावर चालणारे गेम स्वतंत्रपणे विकू लागली. अटारीने खटला भरला. 1982 मध्ये तडजोड होऊन ॲक्टिव्हिजनने रॉयल्टी द्यायची असे ठरले. दार असे उघडले खरे, पण त्याला राखणदार नसल्यामुळे ज्याला त्याला गेम काढावेसे वाटू लागले, दुकाने सुमार मालाने भरली आणि 1983 मध्ये अमेरिकेतील बाजार कोसळला. निन्टेन्डो या जपानी कंपनीने तेथे पाऊल टाकले तेव्हा यंत्रात कुलपासारखी एक चिप बसवली: परवान्याशिवाय गेम चालणार नाही, एका कंपनीला वर्षाला पाचच गेम, तो गेम दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही, आणि काडतुसे, म्हणजे गेम ज्यांत भरून विकला जाई त्या यंत्रात खोचायच्या डब्या, निन्टेन्डोच तयार करणार, तीही आगाऊ पैसे घेऊन. आमच्या करारातील जवळजवळ प्रत्येक कलम त्या परवान्याचे नातवंड होते, फक्त स्वभावाने पुष्कळ मवाळ. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, म्हणजे मंडईतल्या गाळ्याचे भाडे. याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

कराचे प्रकरण काकांनी लवकर मिटवले. डब्ल्यू-8 बेन-ई नावाचा अर्ज भरला की भारत आणि अमेरिका यांच्यातील करारामुळे रॉयल्टीवरील कपात तीस टक्क्यांवरून पंधरावर येते. कंपनीच्या वाट्याचे तीस वेगळे आणि हे तीस वेगळे, हे आमच्या हिशेबनीस भागीदाराला पटायला मात्र दोन चहा लागले. डेव्हकिट, म्हणजे डेव्हलपरांसाठी असलेले खास यंत्र, मुंबईच्या सीमाशुल्क विभागात काही आठवडे अडकले, कारण त्यात वायरलेस होते आणि त्याची कागदपत्रे अपुरी होती. ते सोडवण्याची हकिगत लांब आहे आणि कंटाळवाणीही. ती सोडून देतो.

यंत्र हातात आल्यावर पोर्टचे, म्हणजे संगणकावरचा गेम या यंत्रावर चालेल असा करण्याचे, काम सुरू झाले आणि येथे मला पहिला सुखद धक्का बसला. माझ्या मनात घरच्या स्टुडिओंविषयी एक अढी होती: ते मालकाचे लाडके, आपण भाडेकरू, आणि उत्तम साधने त्यांच्याच कपाटात. प्रत्यक्षात आमचा सर्वांत अवघड प्रश्न घरच्याच एका इंजिनिअरने सोडवला. आमच्या गेममध्ये पाणी वाहते ते लहान लहान कणांच्या रूपात, आणि संगणकावर सुरळीत चालणारे ते कण कन्सोलच्या मेमरीत आले की दर काही सेकंदांनी चित्र अडखळत होते. परवानाधारकांसाठी असलेल्या खासगी मदत विभागात मी प्रश्न टाकला. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकीच्या एका स्टुडिओतील व्यक्तीने, स्वतःच्या गेममधील पावसासाठी वापरलेली पद्धत समजावून देणारे दोन पानांचे उत्तर लिहिले. कण सुटे सुटे न हलवता त्यांचे गठ्ठे करून एकाच वेळी ग्राफिक्स चिपकडे सोपवायचे, असा त्याचा गाभा होता. दहा दिवसांत आमचे पाणी वाहू लागले.

नंतर विचार करता मला त्यात नवल वाटेनासे झाले. घरच्या स्टुडिओचे एक काम गेम बनवणे हे असते आणि दुसरे, जे जाहिरातीत दिसत नाही, ते नव्या यंत्राची नस सापडवून ती इतरांना दाखवणे हे असते. प्लेस्टेशन 3 हे यंत्र प्रोग्रामरांना फार जड गेले. तेव्हा सोनीने 2007 मध्ये प्लेस्टेशन एज नावाची साधने परवानाधारक बाहेरच्यांनाही दिली, आणि ती घडवण्यात नॉटी डॉग या घरच्याच स्टुडिओत बसणाऱ्या आइस टीमचा वाटा होता. मालकाला त्यात धर्मादाय वाटत नसतो. बाहेरच्याचा गेम अडखळला तर लोक नाव यंत्रालाच ठेवतात.

पोर्ट अर्धा झाला असताना अधिकारी बाईंनी रात्री साडेदहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी, बोलणे ठेवले. आम्ही तिघे एका लॅपटॉपसमोर खेटून बसलो होतो. त्यांनी गेमचे कौतुक केले, दोन कोडी कोठे अडली तेही सांगितले, यावरून त्यांनी तो खरोखर खेळला होता हे कळले. मग प्रस्ताव मांडला: गेम सहा महिने फक्त त्यांच्याच कन्सोलवर राहील, त्या बदल्यात कंपनी विक्रीपूर्वी एक ठरावीक रक्कम हमी म्हणून देईल, जी पुढे आमच्या वाट्यातून वळती होईल, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कन्सोलवरील ऑनलाइन स्टोअरच्या पहिल्या पानावर जागा मिळेल. हमीच्या रकमेचा पहिला हप्ता सहीच्या वेळी आणि मोठा हप्ता गेम प्रसिद्ध झाल्यावर. फेब्रुवारीच का, हे आम्हा तिघांपैकी कोणीही विचारले नाही. आज तो मला आमचा सर्वांत मोठा निष्काळजीपणा वाटतो.

त्या रात्री आणि पुढचे चार दिवस आमचे जे वाद झाले, तसे भागीदारी सुरू केल्यापासून झाले नव्हते. चित्रकाराचे म्हणणे असे होते की एका घरात बांधून घेतले की त्या घराचे नशीब आपले होते. तिने रेमन लेजंड्सचे उदाहरण दिले. युबिसॉफ्टने तो गेम केवळ निन्टेन्डोच्या वी यूसाठी म्हणून 2013 च्या फेब्रुवारीत आणायचे जाहीर केले होते. यंत्र खपेना, तेव्हा जवळजवळ तयार असलेला गेम सप्टेंबरपर्यंत थांबवून इतर यंत्रांवरही एकदमच काढला. मोठ्या प्रकाशकाला असा काढता पाय घेता येतो, आपण सही केली तर आपल्याला कोण घेऊ देणार, असा तिचा सवाल होता. भागीदाराने उलट बाजू मांडली. इन्सोम्निॲक या स्टुडिओने 1998 च्या स्पायरोपासून रॅचेट अँड क्लँकपर्यंत वर्षानुवर्षे सोनीच्या यंत्रांसाठी काम केले, पण मालकी स्वतःकडे ठेवली. मध्येच एक गेम मायक्रोसॉफ्टसाठीही केला. आणि अखेर 2019 मध्ये सोनीने 22 कोटी 90 लाख डॉलर मोजून तो विकत घेतला. म्हणजे बाहेर राहूनही एका घराशी सोयरीक टिकवता येते आणि तिचे मोलही येते.

दोघांचेही मला पटत होते, आणि दोघांच्याही उदाहरणांत आपण बसत नाही हेही दिसत होते. युबिसॉफ्ट निघून गेली तर कन्सोलच्या मालकाची झोप उडते. इन्सोम्निॲक यंत्र विकून दाखवते. आमचा गेम नसल्याने एकही यंत्र विकायचे राहिले नसते. या हिशेबात आमच्यासारख्यांना जागा कोठली, असा प्रश्न मी मोठ्याने विचारला, तेव्हा काका, जे खरे तर दुसऱ्याच कामासाठी आले होते, म्हणाले की मोठ्या दुकानात काचेतल्या पैठण्या गिऱ्हाईक आत आणतात, पण दुकान रोज उघडे दिसते ते रुमाल-टॉवेलांमुळे. चित्रकाराला रुमाल ही उपमा फारशी रुचली नाही. अखेर आम्ही सहाऐवजी तीन महिने मागितले, त्यांनी चार म्हटले, हमीची रक्कम थोडी कमी झाली आणि सह्या झाल्या.

यानंतरचा टप्पा सर्टिफिकेशनचा, म्हणजे कंपनीकडून होणाऱ्या तपासणीचा. बाहेरून पाहणाऱ्याला हा टप्पा किरकोळ वाटतो. आत असणाऱ्याचे केस त्यातच पांढरे होतात. निन्टेन्डोकडे याला लॉटचेक म्हणतात, सोनीकडे टीआरसी, मायक्रोसॉफ्टकडे एक्सआर. नावे निराळी असली तरी मागणी सारखीच असते की गेमने यंत्राच्या शिस्तीत वागावे. गेम चांगला की वाईट याच्याशी तपासणाऱ्यांना देणेघेणे नसते. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही पहिला बिल्ड, म्हणजे गेमची तपासणीसाठी बांधलेली प्रत, पाठवला आणि नऊ दिवसांनी तो अकरा दोषांसह परत आला. खेळता खेळता कंट्रोलरचा संपर्क तुटला तर गेम आपोआप थांबला पाहिजे. आमचा थांबत नव्हता, पाणी वाहतच राहत होते. आम्ही खोलीत नेहमी वायर लावूनच खेळत असल्यामुळे हे कधी दिसले नव्हते. यंत्र झोपवून पुन्हा जागे केले की आवाज अर्ध्या सेकंदाने मागे पडत होता. एका पडद्यावर आम्ही बटणाचे नाव कंपनीने ठरवलेल्या शब्दाऐवजी आमच्या सवयीच्या शब्दाने लिहिले होते. साठवणुकीची जागा भरलेली असताना खेळ जतन होत नव्हता आणि तसे सांगतही नव्हता.

दुसरा बिल्ड पाठवण्याआधी आम्ही शहाणे झालो. चित्रकाराच्या आईंना, म्हणजे काकूंना, सोफ्यावर बसवून वायरलेस कंट्रोलर दिला आणि वाटेल तसे वागा असे सांगितले. काकूंनी मधेच फोन घेतला, कंट्रोलर उशीखाली ठेवला, यंत्र बंद करून स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्यावर दुसऱ्याच कोणाचे खाते उघडले, आणि दोन तासांत असे सहा दोष काढून दिले जे आम्हाला वर्षभरात सापडले नव्हते. एवढे करूनही डिसेंबरच्या मध्यास दुसरा बिल्ड परत आला, या वेळी दोनच दोषांसह, आणि त्यांपैकी एक आमच्या पहिल्या दुरुस्तीनेच निर्माण केलेला होता. तिसरा जानेवारीत उत्तीर्ण झाला. मधल्या काळात मी एक जुनी तक्रार मनातून काढून टाकली: घरच्या स्टुडिओंना ही तपासणी लागत नसेल, असे मला वाटत असे. मदत विभागातील त्याच पावसाच्या इंजिनिअरने लिहिले की त्यांचा आधीचा गेम पाच वेळा परत आला होता. फरक एवढाच, की त्यांना परत आलेल्या बिल्डचा अर्थ विचारायला तपासणाऱ्यांपैकी कोणाला तरी फोन करता येत होता, आणि आम्हाला अर्ज भरावा लागत होता.

दुसरा बिल्ड परत आला त्याच आठवड्यात अधिकारी बाईंनी आयत्या वेळी बोलणे ठेवले. या वेळी कौतुक नव्हते. कंपनीच्या मालकीच्या एका स्टुडिओचा मोठा गेम, जो नाताळच्या सुट्ट्यांच्या हंगामात यायचा होता आणि लांबला होता, त्याची नवी तारीख ठरली होती: फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. स्टोअरचे पहिले पान त्या आठवड्यात पूर्णपणे त्या गेमचे असणार होते. आमची जागा दुसऱ्या पानावर जाईल, किंवा आम्ही तारीख बदलावी. पुढची मोकळी तारीख मेमध्ये होती. मी, थोड्या चढलेल्या आवाजात, विचारले की मग आम्हाला फेब्रुवारी दिलाच कशाला. क्षणभर थांबून त्यांनी जे सांगितले, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे, कारण ते सांगायला त्या बांधील नव्हत्या. त्यांच्याकडे वर्षाचा एक तक्ता असतो. त्यात आधी घरच्या गेमच्या तारखा भरल्या जातात, मग मोठ्या प्रकाशकांच्या. गेल्या वसंतात त्या तक्त्यातील जानेवारी ते मार्च ही तिमाही जवळजवळ कोरी होती. कोरी तिमाही असली की त्यांच्या विभागाला बाहेरच्यांसाठी जास्त पैसा आणि जास्त जागा मागता येते. त्यांनी त्या तिमाहीसाठी सात छोटे गेम घेतले, त्यांतील आमचा एक. गेम त्यांना आवडला होताच. पण तसे आवडलेले गेम त्यांच्याकडे चाळीस होते. फेब्रुवारीपर्यंत तयार होऊ शकतील असे सात होते.

आपल्याकडे लग्नात पाहुण्यांच्या पंगती आधी उठतात आणि घरची माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. या धंद्यात घरचे आले की पाहुण्यांची मांडलेली पाने सरकवतात. मला राग आला होता, आणि तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्या बाजूने हिशेब मांडून पाहिला. बाहेरच्याच्या प्रत्येक विक्रीतून कंपनीला तीस टक्के मिळतात, पण तो गेम बनवण्याचा खर्च आणि धोका तिचा नसतो. घरच्या गेमची विक्री स्टोअरमध्ये पूर्ण तिची. पण त्या गेममागे शेकडो माणसांचे चार-पाच वर्षांचे पगार आधीच गेलेले असतात, आणि त्याच्यासाठी कोणीतरी यंत्र विकत घेईल, या आशेवर ते खर्च केलेले असतात. असा गेम दोन महिने लांबला की तो ज्या आठवड्यात येईल तो आठवडा त्याला द्यावाच लागतो. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर आमच्या नहरेसाठी पहिले पान अडवून धरले असते का, याचे प्रामाणिक उत्तर मला नकारार्थीच द्यावे लागले.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू त्या कंपनीला, आणि तिच्यासारख्या सगळ्यांना, वेळोवेळी फटके खाऊन शिकावी लागली आहे. सोनी 1994 मध्ये या धंद्यात उतरली तेव्हा तिच्या घरात गेम बनवणारे हात फार थोडे होते. तिने आदल्याच वर्षी लिव्हरपूलची सिग्नोसिस ही गेम कंपनी विकत घेतली आणि नामकोसारख्या बाहेरच्या गेम कंपन्यांना जवळ केले. निन्टेन्डोने पुढच्या यंत्रातही काडतुसेच ठेवली, ती महाग आणि कमी जागेची. तोवर निन्टेन्डोच्या यंत्रांवर ही मालिका काढणाऱ्या स्क्वेअर या कंपनीने फायनल फँटसी 7 उचलून सोनीच्या सीडीवर नेला आणि 1997 मध्ये तो तेथे आला. घरचे गेम निन्टेन्डोकडे तेव्हाही अव्वल होते. वी यूच्या वेळीही होते. मारिओ कार्ट 8 त्याच यंत्रावर प्रथम आला. तरीही बाहेरचे निघून गेल्यावर दोन घरच्या गेममधील ओसाड महिने भरायला कोणी उरले नाही, आणि ते यंत्र 1 कोटी 35 लाखांच्या पुढे फारसे सरकले नाही. मायक्रोसॉफ्टचे दुखणे उलटे: घरात दाखवण्यासारखे कमी म्हणून तिने 2018 च्या जूनमध्ये एका दमात चार स्टुडिओ घेत असल्याचे जाहीर केले, मग झेनिमॅक्स ही अनेक स्टुडिओंची मालक कंपनी, मग 2023 मध्ये 68.7 अब्ज डॉलरच्या व्यवहारात ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड. अटारीच्या दारातून बाहेर पडलेले बिऱ्हाड चव्वेचाळीस वर्षांनी असे दुसऱ्याच कन्सोलवाल्याच्या घरात आले. आणि घर एवढे वाढल्यावर 2024 च्या मेमध्ये त्याच कंपनीने टँगो गेमवर्क्स आणि आर्केन ऑस्टिन हे आपलेच स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. टँगोच्या आदल्याच वर्षीच्या गेमचे सर्वत्र कौतुक झाले होते. ती बातमी वाचताना मला पावसाच्या इंजिनिअरची आठवण झाली. भाडेकरूला निदान आपले सामान घेऊन जाता येते.

सेगा या जुन्या कन्सोल कंपनीची गोष्ट मात्र मी त्या डिसेंबरात भागीदाराला मुद्दाम सांगितली, कारण ती आमच्या गोष्टीची आरशातील प्रतिमा आहे. तिचे सॅटर्न हे यंत्र अमेरिकेत 2 सप्टेंबर 1995 रोजी येणार असे सर्वांना सांगितले होते. 11 मे रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने एकाएकी जाहीर केले की ते आजपासूनच दुकानांत आहे. बाहेरचे डेव्हलपर सप्टेंबर धरून काम करत होते. मेमध्ये त्यांच्याकडे तयार काहीच नव्हते, आणि कित्येक आठवडे त्या यंत्रावर जवळपास फक्त सेगाचेच गेम होते. तेथे पाहुणे पोहोचण्याआधी पंगत वाढली होती. आम्ही पोहोचलो होतो आणि पान नव्हते. भागीदार म्हणाला की इतिहास पुरे, मेपर्यंतचा पगार कोठून आणायचा ते सांग.

तो प्रश्न खरा होता. हमीचा मोठा हप्ता गेम प्रसिद्ध झाल्यावरच मिळणार होता, आणि तारीख मेमध्ये गेली तर तो हप्ताही मेमध्ये. आम्ही दोन मागण्या लिहून पाठवल्या: मोठ्या हप्त्याचा अर्धा भाग सर्टिफिकेशन उत्तीर्ण होताच द्यावा, आणि चार महिन्यांची बांधिलकी तीनवर आणावी, कारण तारीख आम्ही बदललेली नाही. दुसरी मागणी लगेच मान्य झाली. पहिली मान्य व्हायला पाच आठवडे लागले, कारण पैशाचा निर्णय वेगळा विभाग घेतो आणि त्या विभागातील सगळेच त्या दिवसांत घरच्या मोठ्या गेममध्ये गुंतलेले होते. मधल्या काळात मी एका कंपनीसाठी मुलांच्या शैक्षणिक ॲपचे काम केले, चित्रकाराने लग्नपत्रिका केल्या, आणि खोलीचे मालक, जे आमच्यावर मुलांसारखी माया करतात, त्यांनी दोन महिन्यांचे भाडे नंतर द्या म्हणून सांगितले.

मेमध्ये गेम आला. त्या आठवड्यात मोठे काही नव्हते, पहिल्या पानावर पाच दिवस आमचे चित्र होते, आणि खप आम्ही धरलेल्या आकड्यापेक्षा थोडा जास्त झाला. फेब्रुवारीतील त्या सातांपैकी दोघांनी तारीख बदलली नव्हती. त्यांच्याशी नंतर बोलणे झाले, आणि एकाचा अनुभव अगदी वाईट नव्हता, कारण घरचा मोठा गेम विकत घेण्यासाठी स्टोअरमध्ये आलेल्या गर्दीतील काही जण दुसऱ्या पानापर्यंतही पोहोचले होते. म्हणजे आमचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. घरचा तो गेम मी स्वतः पूर्ण खेळलो. श्रेयनामावली वीस मिनिटांची होती. पाऊस ज्याने केला त्याचे नाव दिसेपर्यंत थांबलो.

आता दुसऱ्या गेमचे काम चालू आहे. आमच्या अधिकारी बाई दुसऱ्या विभागात गेल्या आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना आमच्याविषयी काही माहीत नव्हते, तेव्हा ओळख नव्याने करून द्यावी लागली. पहिल्या खेपेस आम्ही नहर, उच्छ्वास, पुण्याचा इतिहास आणि चित्रशैली यांवर तीन पाने लिहिली होती आणि तयार कधी होईल हे शेवटच्या ओळीत. या खेपेस पहिल्याच ओळीत लिहिले की गेम सप्टेंबरनंतर कोणत्याही महिन्यात सर्टिफिकेशनला देता येईल आणि तारीख दोन महिने पुढेमागे करण्यास आमची हरकत नाही, मात्र हप्ता प्रसिद्धीला न बांधता सर्टिफिकेशनला बांधलेला असावा. गेम कशाविषयी आहे ते त्याखाली दोन परिच्छेदांत. अकरा आठवड्यांची तयारी ठेवून मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे उत्तर आलेले होते आणि त्यात एकच प्रश्न होता: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जमेल का?

या वेळी आम्ही उलट विचारले, की नोव्हेंबरच का.